कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायची आहे, दहा वर्षं भरवशाची कोणती निघेल?

सावरी

नमस्कार मंडळी. दोन महिने व्हिडिओ आणि याद्या बघून बघून डोकं भणभणायला लागलंय, म्हणून इथे विचारते.

आमच्या आत्ताच्या गाडीची वॉरंटी संपून चार महिने होतात न होतात तोच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला. रात्रीची वेळ, चढाचा रस्ता, मागच्या सीटवर आई आणि झोपलेला मुलगा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. टोइंगवाला यायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत आई एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यामुळे सनरूफ, पडदा केवढा मोठा, यातलं काही नको. दहा वर्षं वापरायची आहे आणि तेवढ्या काळात तिने रस्त्यात उभं करू नये, एवढंच मागणं. रोजचा वापर एका बाजूने ६ किमी, तोही सिग्नलच्या गर्दीत. महिन्यातून एखादा ३००-४०० किमीचा प्रवास. यादीत होंडा सीआर-व्ही, टोयोटा रॅव्ह-फोर, माझदा सीएक्स-५, ह्युंदाई टूसॉन आणि फोक्सवॅगन टिग्वान. नवीन किंवा तीन-चार वर्षं वापरलेली, दोन्ही चालेल.

अडचण अशी की एका यादीत वर असलेली गाडी दुसऱ्या यादीत पार खाली सापडते. कुणाचं खरं मानायचं?

चौथा_गिअर

सावरीताई, याद्या खोट्या नसतात. प्रत्येकीचा प्रश्न वेगळा असतो, आणि तो न बघता आपण नुसता क्रमांक बघतो.

जे. डी. पॉवर या अमेरिकी पाहणी कंपनीचा डिपेंडेबिलिटी (भरवशाचा) अभ्यास तीन वर्षं वापरलेल्या गाड्यांच्या मालकांना विचारतो आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते सांगतो. अलीकडच्या वर्षांत त्यात फोन ॲपल कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटोला नीट जोडला जात नाही, ही तक्रार सगळ्यात वर राहिली आहे. तक्रारी मोजायच्या म्हटल्या की फोन न जोडला जाणं ही एक आणि तुमचा गिअरबॉक्स गेला ती एक. तुम्हाला हवंय ते उत्तर त्या आकड्यात मिळणार नाही.

कन्झ्युमर रिपोर्ट्स ही अमेरिकेतली ग्राहक संस्था दर वर्षी आपल्या सभासदांना विचारते, आणि तिथे इंजिन-गिअरबॉक्सच्या त्रासाला किरकोळ त्रासापेक्षा जास्त वजन देतात. तुमच्या कामाचं हे जास्त आहे.

जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची संघटना रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या मदतीला जाते, त्यांचा हिशेब त्या मदतीच्या नोंदींवरून. म्हणजे थेट तुमचाच प्रश्न. आणि त्यात काय निघतं, तर ४० टक्क्यांहून जास्त वेळा दोष १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीचा. इंजिन त्या मानाने खूप मागे. टीयूव्ही या तिथल्याच तपासणी संस्थेचा अहवाल सक्तीच्या तपासणीवरून बनतो: दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, तेलगळती. तिथे गाडीइतकाच मालकही तपासला जातो. ज्याने टायर घासेपर्यंत वापरले त्याची गाडी नापास.

तेव्हा यादी उघडली की आधी बघायचं: कुणाला विचारलं, किती जुन्या गाडीबद्दल विचारलं, आणि त्रास कशाला म्हटलं.

सावरी

हे कुणी सांगितलंच नव्हतं! मी तर तीन याद्यांच्या क्रमांकांची सरासरी काढून बसले होते.

स्पॅनरवाला

बावीस वर्षं गॅरेजात काढली आहेत, त्या जोरावर लिहितो. ताई, तुम्ही पाच नावं दिलीत. गाडीचं नाव माझ्या दृष्टीने तिसऱ्या क्रमांकाची गोष्ट. आधी सांगा, बॉनेटखाली इंजिन कोणतं आणि त्याला गिअरबॉक्स कोणता जोडलाय. मग सांगा कोणत्या सालचं. मग नाव.

टिग्वानचंच घ्या. दुसऱ्या पिढीची टिग्वान अमेरिकेत ८ स्पीडच्या नेहमीच्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसोबत विकली गेली आणि युरोपात ड्युअल क्लचसोबत. नाव एक, लोगो एक. तिथल्या माणसाने सांगितलेला अनुभव इथल्या गाडीला लावाल तर भलत्याच यंत्राबद्दल वाचत असाल.

सीआर-व्हीचंही तेच. १.५ लिटर टर्बो पेट्रोलमध्ये थंड हवेत, छोट्या छोट्या फेऱ्यांत, इंजिन तापायच्या आत बंद होत राहिलं की न जळलेलं पेट्रोल तेलात उतरायचं आणि तेलाची पातळी वाढत जायची. २०१८ च्या सुरुवातीला चीनमध्ये याच कारणाने तिची विक्री थांबली होती. त्याच सीआर-व्हीच्या हायब्रिडमध्ये २ लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन आहे. ती गोष्टच वेगळी. तेव्हा 'सीआर-व्ही चांगली का?' याला माझ्याकडे उत्तर नाही, 'कोणती सीआर-व्ही?' याला आहे.

गिअरबॉक्सचं सांगतो, कारण तुमचा घाव तिथलाच आहे.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे जुना नेहमीचा ऑटोमॅटिक. इंजिन आणि गिअरच्या मध्ये तेल असतं, त्यामुळे गर्दीत इंच इंच सरकताना घासण्यासारखं फारसं काही नसतं. सीएक्स-५ मध्ये वर्षानुवर्षं ६ स्पीडचा हाच प्रकार आहे. रटाळ वाटेल, पण माझ्या हाताखालून गेलेल्यांत सगळ्यात कमी परत आलेला प्रकार हाच.

ड्राय ड्युअल क्लचमध्ये दोन कोरडे क्लच असतात आणि संगणक ते दाबतो-सोडतो. मोकळ्या रस्त्यावर झकास. बंपर टू बंपर गर्दीत मात्र क्लच अर्धवट लागलेला राहतो, तापतो, घासतो. तुमचे रोजचे ६ किमी सिग्नलचे आहेत, तुम्ही यापासून लांब राहा. वेट ड्युअल क्लच तेलात बुडालेला असतो, तो जास्त सोसतो, पण तेल वेळेवर बदलावंच लागतं.

सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा आणि दोन कप्प्या. हळुवार चालवणाऱ्याच्या हातात नीट टिकतो. निसानने अमेरिकेत आपल्या जुन्या सीव्हीटींची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली होती, त्यावरून काय झालं असेल ते समजा. सगळेच सीव्हीटी तसे नाहीत, हेही तितकंच खरं.

आणि टोयोटा हायब्रिडमधल्या ई-सीव्हीटीच्या नावात सीव्हीटी असलं तरी आत पट्टाच नाही. ग्रहगतीचे दातेरी गिअर आणि दोन विद्युत मोटर. क्लच नाही, वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही. जे बसवलेलंच नाही ते बिघडत नाही.

ओंजळ

एवढं कशाला डोकं लावायचं? टोयोटा घ्या आणि मोकळ्या व्हा. आमच्या घरात तिसरी चालू आहे, एकदाही रस्त्यात उभी राहिलेली नाही.

चौथा_गिअर

ओंजळताई, तुमचा अनुभव खराच असणार, आणि आकडेही त्याच बाजूचे आहेत. कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या २०२३ च्या पाहणीत साध्या हायब्रिडमध्ये नुसत्या इंधनावर चालणाऱ्या गाड्यांपेक्षा २६ टक्के कमी त्रास निघाला. प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करायच्या हायब्रिडमध्ये मात्र १४६ टक्के जास्त. 'हायब्रिड' या एका शब्दात दोन्ही येतात, हे विसरून चालत नाही.

पण नाव बघून डोळे मिटू नयेत. २०१९ साली रॅव्ह-फोरची नवी पिढी आली. तिच्या चारचाकी ड्राइव्हच्या हायब्रिडमध्ये मागच्या मोटरकडे जाणारी उच्च दाबाची विजेची केबल खालून उघडी पडायची. रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात त्या भागांत तिचा जोड गंजला. टोयोटाने नंतर त्या केबलची वॉरंटी वाढवली, पण आधी काही मालकांना मोठी झळ बसली. कंपनी तीच, हायब्रिडचा अनुभव वीस वर्षांचा, तरी नव्या पिढीच्या पहिल्या गाड्यांत चूक झाली. म्हणून मी कुणालाही नव्या पिढीचं पहिलं वर्ष घेऊ देत नाही. दुसरं किंवा तिसरं वर्ष घ्या, फेसलिफ्टनंतरची (त्याच पिढीतली किरकोळ सुधारणा केलेली) मिळाली तर त्याहून बरं.

ओंजळ

केबलचं मला माहीत नव्हतं. आमची टूव्हील ड्राइव्ह आहे, म्हणून वाचलो असणार. आज खाली वाकून बघते मात्र.

दूरदूर

यात एक भर. इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे विचारा. आणि बेल्ट असेल तर कोरडा की तेलात भिजलेला, हे नक्की विचारा. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर सर्व्हिसच्या माणसाला गाठा.

तेलातल्या बेल्टची कल्पना चांगली होती, घर्षण कमी आणि आवाजही कमी. पण पेट्रोल मिसळलेल्या जुन्या तेलात रबर फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. मग तेलाचा दाब पडतो. पुजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेक इंजिनाचं हेच झालं आणि त्यांची मालक कंपनी स्टेलँटिसला त्याची वॉरंटी १० वर्षं किंवा १,७५,००० किमीपर्यंत वाढवावी लागली. पुढच्या आवृत्तीत त्यांनी चेनच लावली.

दोष कधी कधी कारखान्यातूनच येतो, हेही लक्षात असू द्या. ह्युंदाई-कियाच्या थीटा-२ इंजिनात क्रँकशाफ्टच्या तेलवाटा कापताना निघालेला धातूचा कीस पूर्ण साफ झालेला नव्हता. तो कीस तेलाची वाट अडवतो, बेअरिंग कोरडं पडतं, इंजिन ठोकायला लागतं. २०१५ पासून अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात किया स्पोर्टेजही होती. मालकाने कितीही जपलं असतं तरी हे टळलं नसतं. म्हणून जुनी गाडी घेताना 'एक हाती, लेडी ड्रायव्हन' असल्या जाहिरातीपेक्षा १७ अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल (कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं) तपासणं मोलाचं.

निळा_डोंगर

रिकॉल म्हटलं की लोक घाबरून पळतात, ते मला पटत नाही. २०१९ मध्ये माझदाने सिलिंडर बंद करण्याच्या यंत्रणेसाठी २०१८-१९ च्या सीएक्स-५ परत बोलावल्या. सॉफ्टवेअरमुळे रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) निसटायची शक्यता होती. सॉफ्टवेअर बदललं, विषय मिटला. ज्या गाडीचं रिकॉलचं काम झालंय ती मी आनंदाने घेईन. काम बाकी असेल तर आधी करून आणा म्हणेन.

डिझेलचं कुणी बोललं नाही. सावरी यांच्या यादीत नाही, पण मोह होऊ शकतो. मी मोठ्या हौसेने डिझेल घेतली आणि ऑफिस ५ किमीवर. दीड वर्षात डॅशबोर्डवर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा यायला लागला.

स्पॅनरवाला

निळा_डोंगर, तुमच्यासारखीच एक गाडी मागच्या महिन्यात आली होती. मालक म्हणाले, 'तेल संपत नाही, उलट वाढतंय, चांगलंच आहे ना?' डिपस्टिक काढली तर पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर. कागदावर एक थेंब टाकला. चांगलं तेल डागाच्या मधोमध थांबतं, हा थेंब पाण्यासारखा पसरला आणि त्याच्या कडेला फिकट पिवळं वलय उमटलं. काडीला डिझेलचा वास.

होतं असं की डीपीएफमधली काजळी जाळायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. ५ किमीत ऑफिस आलं, चावी बंद. उरलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात. दुसऱ्या दिवशी तेच. त्या गाडीत कंपनीची काही चूक नव्हती. गाडी चांगली होती, कामाला भलतीच होती. त्या माणसाला हे सांगताना मलाच वाईट वाटलं, फार जपायचा तो गाडीला, सीटचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

म्हणून सावरीताईंना सांगतो, तुमच्या रोजच्या ६ किमीला डिझेल नको, छोटं टर्बो पेट्रोलही शक्यतो नको. टर्बो नसलेलं पेट्रोल आणि टॉर्क कन्व्हर्टर, नाहीतर साधी हायब्रिड.

मृगजळ_नाही

वाचतेय. छान चाललाय धागा. एक शंका: छोट्या फेऱ्यांना हायब्रिड चांगली कशी? तिचंही इंजिन तापत नाहीच ना?

स्पॅनरवाला

शंका रास्त आहे. तिचंही इंजिन नीट तापत नाही, म्हणून तेल किलोमीटरवर नाही तर महिन्यांवर बदलायचं. पण गर्दीत सरकायचं काम मोटर करते, क्लच घासत नाही. ब्रेकही कमी झिजतात, कारण वेग कमी करताना मोटरच गाडीला ओढून धरते. त्याची दुसरी बाजू अशी की डिस्क न वापरल्याने गंजतात. इलेक्ट्रिक गाड्यांत तर हे फार दिसतं. अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर दोन-चार वेळा जोरात ब्रेक लावावा.

आणि मालकाच्या पुस्तकातलं 'कठीण वापर' हे पान कुणी वाचत नाही. छोट्या फेऱ्या, धूळ, गर्दीत उभं राहून इंजिन चालू ठेवणं, हे सगळं कंपनी स्वतःच कठीण वापर म्हणते आणि तेल लवकर बदलायला सांगते. आपण सगळे त्यातच मोडतो, पण सर्व्हिसिंग मात्र हलक्या वापराच्या तक्त्याने करतो.

'गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं' हेही मनावर घेऊ नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः तिच्या ऑटोमॅटिकचं तेल ८०,००० ते १,२०,००० किमीच्या दरम्यान किंवा ८ वर्षांनी बदला म्हणते. गाडी विकणाऱ्याच्या लेखी आयुष्य म्हणजे वॉरंटी. तुम्हाला दहा वर्षं काढायची आहेत.

सावरी

ही शेवटची ओळ वाचून गप्प बसले. आमच्या गाडीचं गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हे फाइलमध्ये शोधलं. एकदाही नाही. प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर, प्रत्येक शिक्का आहे, आणि ते तेल कुणी बदललंच नाही. मी विचारलंही नव्हतं.

यादी आता दोनावर आली आहे. एक, सीएक्स-५, २.५ लिटर, टर्बो नसलेली, नवीन. दोन, तीन वर्षांची रॅव्ह-फोर हायब्रिड, ४८,००० किमी, टूव्हील ड्राइव्ह, म्हणजे मागच्या केबलचा प्रश्नच नाही. व्हीआयएन टाकून पाहिला, रिकॉल बाकी नाही. मन दुसरीकडे ओढतंय. बघायला जाताना काय काय बघू?

ओंजळ

मागच्या सीटजवळ बॅटरीला हवा जाणारी जाळी असते. तिथे बोट फिरवून बघा. आमच्या दुसऱ्या गाडीत कुत्र्याचे केस आणि धुळीची जाड गादी निघाली होती, बॅटरीचा पंखा सारखा घोंघावायचा. जाळीपुढे पिशव्या ठेवायच्या नाहीत, हे मुलालाही सांगून ठेवा.

दूरदूर

सर्व्हिसची बिलं मागा, नुसते शिक्के नको. बिलात तेलाचा ग्रेड आणि किलोमीटर लिहिलेले असतात. दोन बिलांमधलं अंतर बघा, तिथे सगळं कळतं. १२ व्होल्टची बॅटरी किती जुनी तेही विचारा. हायब्रिडमध्ये ती छोटी असते आणि गाडी महिनाभर उभी राहिली की बसते.

स्पॅनरवाला

गाडी थंड असताना बघा, हे सगळ्यात महत्त्वाचं. विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगा की मी येईपर्यंत सुरू करू नका. चेनची खडखड, तेल वर चढायच्या आतली टकटक, धूर, हे सगळं पहिल्या काही सेकंदांत ऐकू येतं आणि गरम झालं की झाकलं जातं. हायब्रिडचं इंजिन लगेच सुरू होईलच असं नाही, थोडं थांबा. गाडीच्या बाहेर उभं राहून ऐका, आत बसून नको. तेलाच्या झाकणाची आतली बाजू बघा, डिपस्टिकचा वास घ्या. आणि हे सगळं करायच्या आधी बॉनेटवर तळवा ठेवा.

सावरी

उद्या सकाळी आठला जातेय. सुरू करू नका म्हणून फोनवर दोनदा सांगितलंय. आई पण येते म्हणाली.

सावरी

परत आले. आम्ही पोचलो तेव्हा गाडी फाटकापाशी काढून पुसून ठेवलेली. लख्ख. मी बोलत असतानाच आईने पुढे होऊन बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चांगलं तापलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, 'धुवायला बाहेर काढली होती हो, दोन मिनिटं.' बिलं मागितली, ती 'घरी शोधावी लागतील'.

नमस्कार केला आणि निघालो. अजून एक सापडली आहे, ५२,००० किमीची, त्याच सालची, बिलांचे फोटो त्यांनी न मागता पाठवलेत, तेल दर सहा महिन्यांनी बदललेलं दिसतंय. स्पॅनरकाका, फोटो टाकते इथे, तेलाचा ग्रेड एकदा बघाल का? शनिवारी सकाळी जायचं ठरलंय.

स्पॅनरवाला

टाका. आणि शनिवारी आईंना सोबत न्याच.